साडेअठरा टन आणि चार इंच

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. बेंगळुरूच्या नगरथपेठेत बसून लोकांचं जुनं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबाने शुद्ध करायचं आणि मिलिग्रॅमवरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची, हा आमचा धंदा. असा माणूस साडेअठरा टनांच्या गाडीच्या नादी लागतो, त्याला कारण धाकटा भाऊ. आटपाडीची डाळिंबं वाहायला त्याने ट्रक घेतला आणि त्याच्याकडे ड्रायव्हर टिकेना. (का टिकत नाही, हे भावाशी तासभर बोललेल्या कुणालाही कळेल.) तेव्हा घरात एकाकडे तरी हेवी लायसन्स असावं, असं फोनवर ठरलं. ठरवलं त्याने, एकाकडे म्हणजे माझ्याकडे.

कायदा तसा दिलदार आहे. वय किमान 20 हवं, मोटारीचं लायसन्स वर्षभर जुनं हवं. जास्तीत जास्त वयाबद्दल तो काही बोलत नाही. हे मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी वकिलीची पदवी असून ट्रक चालवतात, हेही सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्यांना रस्ते आठवत असतील. तुम्ही अजून मल्लेश्वरमला विचारत विचारत जाता."

डॉक्टरकडे वेगळाच पेच. पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता यायला हवी. माझा सगळा जन्म पंचवीस सेंटिमीटरच्या आत गेला. भिंगातून कस दिसतो. लांबचं बघायची आमच्या धंद्यात गरजच पडत नाही, आणि आमच्या गल्लीत सोयही नाही. केंपेगौडाने सोळाव्या शतकात चार नांगर चार दिशांना हाकून ही पेठ आखली, अशी आख्यायिका आहे. रुंदी बघता नांगर एकेकच बैलाचा असावा.

मग ड्रायव्हिंग स्कूल. पीण्याच्या बाजूला, पहाटे. कारण गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना शहरात मज्जाव. मास्तर पक्के कन्नड, शब्द मोजून वापरणारे. "निधाना, सार." "क्लच बिडी." "हिंदे नोडी." म्हणजे सावकाश, क्लच सोडा, मागे बघा. एवढ्यावर त्यांनी ड्रायव्हरांच्या पिढ्या घडवल्या म्हणे. ब्रेकमधली हवा पहिल्यांदा फुस्सकन सुटली तेव्हा मी खिडकीतून कोण शिंकलं ते पाहिलं.

परीक्षेत काय काय विचारतात ते 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या पंधराव्या नियमात आहे. तो मी रोज दुकानात पाठ करायचो, आणि जितका पाठ होई तितकी खात्री पटत गेली की लिहिणाऱ्याने बेंगळुरू पाहिलेलं नाही. एकेक गिअर टाकत उमेदवाराने टॉप गिअरपर्यंत जावं, असं त्यात आहे. कुठे? तुमकूर रोडवर पहाटे मी चौथ्यापर्यंत पोचायचो आणि पुढे बीएमटीसीची बस आडवी यायची. सिल्क बोर्डला दुसरा गिअर पडला तरी लोक घरी फोन करून सांगतात. उमेदवाराने ओव्हरटेक करावं आणि इतरांना करू द्यावं, असंही एक कलम आहे. यातला दुसरा भाग मला उपजतच येत होता. माझ्या डावीकडून रिक्षा, उजवीकडून डिलिव्हरीवाले, आणि एकदा तर नारळाची हातगाडी गेली. मास्तर म्हणाले, "ह्यात तुम्ही पास."

चढावर थांबून, तसूभर मागे न घसरता पुन्हा निघणं मात्र अवघड. मागे नव्या कोऱ्या मोटारीचा मालक हॉर्नवर हात ठेवून बसलेला असतो, आणि त्याच्या आणि आपल्यामध्ये फक्त आपला हँडब्रेक. तेही जमलं. उरला रिव्हर्स.

आणि तेवढ्यात मास्तर एका रविवारी दुकानात आले. बोटातली अंगठी काढून समोर ठेवली. सासऱ्यांनी लग्नात दिलेली. "नऊशे सोळा ना, सार?"

मी कसोटीवर रेघ ओढली, तेजाब लावलं. अठरा कॅरेट, म्हणजे साडेसातशे. मास्तरांनी पुन्हा बघायला सांगितलं. मी पुन्हा बघितलं. या माणसाची सही फॉर्म 5 वर झाल्याशिवाय मला परीक्षेला उभं राहता येणार नव्हतं, हे मला पूर्ण ठाऊक होतं. पण पेठेत बसून कसाबाबत गोड बोलायचं म्हणजे धंदाच गुंडाळायचा. साडेसातशे म्हणालो. मास्तर चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डांबराच्या पिंपांमधून ट्रक मागे घेतला. एकही पिंप हललं नाही. आरशात पाहून स्वतःवरच खूश झालो. मास्तर खाली उतरले, शांतपणे खिशातून टेप काढली आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसले.

"चार इंच डावीकडे गेलंय."

"मास्तर, एवढ्या मोठ्या गाडीत चार इंच म्हणजे काय हो!"

टेप खटकन आत गेली. "काल तुम्ही माझ्या सासऱ्यांना किती सोडलंत, सार?" मास्तर म्हणाले. "पुढे घ्या. आणि हिंदे नोडी."