ओरिजिनल

अण्णांनी ट्रक विकत घेतला, की भंगारवाल्याची जागा मोकळी करून दिली, यावर त्यांच्या घरात अजून एकमत नाही. कागदोपत्री तो फार्गो. म्हणजे सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला जुळवलेला. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या १९४७ पासून तिथे जोडल्या जात, आणि तोच ट्रक नाकावरची पाटी बदलून कधी डॉज, कधी डिसोटो, कधी फार्गो म्हणून विकला जाई. घरी बंड्या, आजोळी बाळू आणि दाखल्यावर तिसरंच काहीतरी, त्यातला प्रकार. प्रत्यक्षात अण्णांच्या अंगणात उतरलं ते असं: चेसी, बॉनेट, इंजिन, निम्मी केबिन आणि केबिनमध्ये उगवलेली एरंडाची दोन झाडं.

अण्णा काही एकटे नाहीत. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारी ही जमात कोल्हापुरात पूर्वीपासून आहेच, आता गावोगाव पसरली आहे. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीत टाचणीपेक्षा जड लोखंड कधी उचललं नाही. जन्मभर स्कूटर चालवली, तीही तिसऱ्या गियरच्या वर न नेता. आता मात्र नखं कायम काळी असतात आणि लग्नाच्या पंगतीत ती सगळ्यांना दिसतील अशा बेताने हात ताटावर ठेवलेला असतो. कुणी मदतीला येऊन तेराचा पाना पुढे केला, की अण्णा दुःखाने हसतात. "मिलिमीटर नाही हो. अमेरिकन आहे तो. चार सुती आणा."

सुट्या भागांचा शोध हा त्यांच्या सामाजिक जीवनाचा पाया. वास्तुशांत, बारसं, तेरावा, कुठेही गेले तरी जेवणानंतर ते परड्यात एक चक्कर मारून येतात. एकदा दहाव्याला गेले असता मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वडील ट्रान्सपोर्टमध्ये होते ना? गोठ्यात काही पडलंय का?" मुलगा रडायचा थांबला, एवढं मात्र झालं.

गंज काढायला बाजारात आम्ल मिळतं, पण ते चांगल्या लोखंडालाही खातं. अण्णांच्या वाचनात आलं की मळीत गंज सुटतो. हे खरं आहे. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात लोखंड दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचं; गंज विरघळतो, खालचं लोखंड जवळपास तसंच राहतं. जस्ताचं किंवा ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकलं तर मात्र तेच विरघळायला लागतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात मळीला तोटा नाही, पण तिच्यापासून दारू होते, त्यामुळे तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचा डोळा. मग अण्णांनी गुऱ्हाळावरून काकवी आणली. पिपात मडगार्ड पोहू लागलं. मुंग्या आल्या, मग माश्या आल्या, मग काकवी आंबली आणि गल्लीतली दोन माणसं संध्याकाळी अण्णांच्या तब्येतीची चौकशी करायला येऊ लागली. काकूंचं म्हणणं एवढंच होतं, की मी चपातीबरोबर चमचाभर मागितली तर तुझी साखर वाढेल म्हणणारा माणूस मडगार्डाला पिपाने पाजतोय.

मडगार्ड निघालं मात्र सुंदर. राखाडी, स्वच्छ, आणि चार ठिकाणी आरपार. गंज गेल्यावर तिथे पत्राच उरला नव्हता.

अण्णांचा खरा देव म्हणजे 'ओरिजिनल'. कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडला तेव्हा ट्रक जसा होता, तसाच तो झाला पाहिजे. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, सगळं तेच. आणि बॉनेट उघडलं तर आत डिझेलचं पर्किन्स. उद्यमनगरातून एक म्हातारे मिस्त्री, चाचा, ते बघायला आले होते. अण्णा त्यांच्यासमोर कडाडले, "हे पाप कुठल्या गाढवानं केलं?"

"म्याच की," चाचा म्हणाले.

मग त्यांनी बिडी पेटवली आणि सांगितलं. पेट्रोलपायी मालकाचं दिवाळं निघायला आलं होतं. मद्रासच्या सिम्प्सनचं पर्किन्स आणलं, त्याला लागणारं माउंटिंग इथेच ओतून घेतलं, तेव्हा कुठे भरला ट्रक गगनबावड्याच्या घाटात दम न खाता चढला. स्टिअरिंग टाटाचं. मागचे पाटे लोहाराने बांधलेले. केबिन सुताराची.

"मग ह्यात ओरिजिनल काय राहिलं?" अण्णांचा आवाज बसला होता.

चाचांनी बराच विचार केला. "मालकाचं कर्ज."

मला विचाराल तर चाचांनी ओतून घेतलेलं ते माउंटिंगच काचेच्या पेटीत ठेवावं. ट्रक कुर्ल्याच्या फाटकापासून पहिल्या पंक्चरपर्यंतच काय तो ओरिजिनल असतो. पुढची तीस वर्षं तो ज्याने त्याने जगवलेला असतो. अण्णा ती तीस वर्षं खरवडून पहिली दुपार शोधताहेत. पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. काकवीच्या पिपाजवळ उभं करून ते इंची आट्यांवर व्याख्यान देतात.

शेवटी विषय आरटीओवर आला. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. रोज फिरवायची नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. चेसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही, हे कलम अण्णांनी काकूंना दोनदा वाचून दाखवलं.

एजंट आला. ट्रकभोवती हिंडला, मागे वाकला, जोडचाकांवर बोट ठेवत मोजू लागला.

"अण्णा, ही सहा भरली. नियमात चार आहेत. शिवाय मालाची गाडी."

अण्णा कितीतरी वेळ मागच्या चाकांकडे बघत राहिले. "बाहेरची दोन काढली तर?"

"मग ओरिजिनल ऱ्हात न्हाई," चाचा बिडी विझवत म्हणाले.

त्या दिवशी एजंटाला चहा मिळाला, चाचांना नाही.