साडेतीन पृथ्व्यांचा संसार

मे महिन्यात मूल घरात असणं हा शहरातल्या आईबापांपुढचा मोठाच प्रश्न. पूर्वी त्यावर मामाचं गाव हा रामबाण उपाय होता. आता मामाही टू बीएचकेतच राहतो आणि स्वतःचं कार्टं आपल्याकडे कधी पाठवता येईल, याचा अंदाज घेत अधूनमधून फोन करतो. म्हणून शिबिरं निघाली. पोहणं, स्केटिंग, अक्षरसुधार, वैदिक गणित, रोबोटिक्स अशा पायऱ्या चढत आमची कन्या यंदा थेट जगापर्यंत पोचली. ‘ग्लोबल सिटिझनशिप आणि सस्टेनेबल लिव्हिंग कार्यशाळा, वयोगट 10 ते 14, सकाळी नऊ ते दुपारी एक.’ यातलं ‘नऊ ते एक’ एवढं बायकोला मनापासून पटलं आणि आम्ही फी भरली.

पहिल्या दिवशी किट मिळालं. त्यात बांबूचा टूथब्रश, स्टीलची बाटली, कापडी पिशवी आणि ‘पाणी वाचवा’ असं छापलेला सुती टी-शर्ट होता. प्रत्येक वस्तू स्वतंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती.

अशा शिबिरांची परंपरा तशी थोर आहे. डॉरिस ॲलन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1951 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीला देशोदेशीची अकरा वर्षांची मुलं एकत्र राहायला बोलावली. या वयात एकत्र खेळली, तर मोठेपणी एकमेकांवर बॉम्ब टाकणार नाहीत, असा हिशेब. आपल्याकडे बाबा आमट्यांनी 1967 पासून सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली, तीही मे महिन्यात आणि चंद्रपूर जिल्ह्यात. माझा काका तिथे जाऊन आला होता. भल्या पहाटे कुदळ-फावडं आणि उन्हं चढली की व्याख्यानं. तळहातावरचे घट्टे कधीच गेले, पण ते जिथे होते ती जागा तो अजून पाहुण्यांना दाखवतो. आमच्या शिबिरात कुदळ नव्हती. एसी होता, अठरावर.

तिथल्या ताईंनी मुलांना पहिला गृहपाठ दिला, घराचा इकॉलॉजिकल फूटप्रिंट काढायचा. विल्यम रीस आणि मॅथिस वाकरनागेल या दोघांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात बसून ही मोजणी काढली. जगातली सगळी माणसं तुमच्यासारखी राहायला लागली तर किती पृथ्व्या लागतील, ते ती सांगते. कन्या फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसली. गाडी कोणती, एसी किती, मटण आठवड्यातून किती वेळा. दिवाळीत आपण बँकॉकला गेलो होतो, हे तिने न विचारता लिहिलं. “ते लिहायलाच हवं का?” मी म्हटलं. “बाबा, फॉर्म आहे,” ती म्हणाली. फॉर्म खरा भरायचा असतो, ही समजूत या वयात असते. आमचं उत्तर आलं साडेतीन पृथ्व्या.

मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळंच चित्र होतं. एकाने लिहिलं, “आमच्या दोन पॉइंट एक.” त्याला कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. मग ए विंगमधल्या मोठ्या गाडीवाल्यांनी सहज टाकल्यासारखं टाकलं, “साडेपाच.” ग्रुप दोन मिनिटं गप्प झाला. “चांगलंच चाललंय त्यांचं,” बायको म्हणाली आणि मी बँकॉकऐवजी युरोप का केलं नाही, असं तिने माझ्याकडे पाहिलं.

पुढचा विषय पाणी. एक सुती टी-शर्ट तयार व्हायला, कापूस पिकवण्यापासून धरून, सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, असं ताईंनी सांगितलं. आमच्या सोसायटीच्या मुलांना मे महिन्यात लिटर कळत नाहीत, टँकर कळतात. एकाने लगेच हिशेब मांडला. चाळीस मुलं, चाळीस टी-शर्ट, 1,08,000 लिटर. दहा हजारांचा टँकर धरला तर पावणेअकरा टँकर. “ताई, टी-शर्टऐवजी टँकरच वाटले असते तर?” ताई म्हणाल्या, “व्हेरी गुड क्वेश्चन!” उत्तर नसलेल्या प्रश्नाला शिबिरात असंच म्हणतात.

मग ‘आजीच्या काळातली पर्यावरणस्नेही जीवनशैली’ असं एक सत्र होतं आणि आजी म्हणून माझ्या आईला बोलावणं आलं. आई इरकल नेसून गेली.

“आजी, तुम्ही भांडी राखेने घासायचात ना?” ताईंनी सुरुवात केली.

“घासायचो की. हाताला भेगा पडायच्या.”

“पण किती नैसर्गिक!”

“हो, भेगा नैसर्गिकच होत्या.”

“आणि जुन्या साड्यांच्या गोधड्या...”

“रग घ्यायला पैसे नव्हते.”

“फ्रिजशिवाय छान चालायचं ना तुमचं?”

“चालायचं काय? दूध नासायचं. फ्रिज आला त्या दिवशी ह्यांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले.”

ताईंचा सगळा तास आईने असा साफ केला. शेवटी त्यांनी हात टेकले आणि मुलांसाठी काहीतरी संदेश द्या म्हणाल्या. आई म्हणाली, “ताटात टाकू नका.” ताईंचा चेहरा उजळला. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि शेजारी मोठा 12 काढला. संयुक्त राष्ट्रांच्या सतरा ध्येयांपैकी ते बारावं, जबाबदार उपभोगाचं. आईला वाटलं, मार्क दिले. “एवढं खरं बोलून बाराच?” ती रिक्षात म्हणाली.

सांगता म्हणून मुलांची संयुक्त राष्ट्रांची महासभा भरणार होती. खऱ्या महासभेत 193 देश, इथे मुलं चाळीस, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. साडेपाच पृथ्व्यांच्या चिरंजिवांना अमेरिका मिळाली. आमच्या कन्येला तुवालू. प्रशांत महासागरातली नऊ बेटं, लोकवस्ती जेमतेम अकरा हजार, आणि समुद्र चढत चाललेला. ती घरी आली तेव्हा रडवेली होती, रात्री मात्र तिला इंटरनेटवर तुवालूच्या परराष्ट्रमंत्र्याचा 2021 मधला व्हिडिओ सापडला. कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभं राहून त्याने हवामान परिषदेसाठी भाषण केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्या बाथरूममध्ये पाण्याने भरलेल्या टबात उभी, अंगात माझा ब्लेझर. “आम्ही बुडत आहोत आणि तुम्ही बघत आहात!” बाहेरून आई ओरडली, “बुड, पण ते पाणी नंतर कुंड्यांना घाल!”

महासभेत तुवालूने टाळ्या घेतल्या. अमेरिकेने नकाराधिकार वापरला. तो महासभेत चालत नाही, सुरक्षा परिषदेत चालतो, असं ताईंनी समजावलं. “माझ्याकडे आहे तर मी कुठेही वापरीन,” अमेरिका म्हणाली. या मुलाला विषय सगळ्यांत चांगला कळला होता, असं माझं मत आहे.

मुलं शिबिरातलं सगळं विसरतात, या भरवशावरच पालक फी भरतात. वैदिक गणित आमची कन्या जूनपर्यंत विसरलीही होती. हे मात्र विसरेना. सोसायटीच्या सभेला ती आणि आणखी सात-आठ देश ठराव घेऊन हजर झाले. पार्किंगमध्ये पाइप लावून गाड्या धुणं बंद करावं. सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने, आता गणपूर्तीची गरज नसल्यामुळे, तेवढ्याच टाळक्यांत पुन्हा सुरू झाली. सेक्रेटरी म्हणाले, “विषय उत्तम आहे. कमिटी नेमू.”

“मुदत किती, काका?” कन्येने विचारलं.

“मुदत कशाला हवी बेटा?”

“संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ध्येयं ठरवली तेव्हा 2030 ची मुदत घातली होती.”

“मग आपणही 2030 धरू,” सेक्रेटरी खुशीत म्हणाले. “लिफ्टचं कामसुद्धा त्यातच बसवू.”

जग कसं चालतं याचं शिक्षण इथे पूर्ण झालं, असं मला वाटलं. मुलांना वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती वही-पेन्सिल घेऊन पार्किंगमध्ये उभी राहिली. कुणाला अडवलं नाही, कुणाशी वाद घातला नाही. आठवड्याने लिफ्टशेजारच्या फळ्यावर एक कागद लागला. गाडीचा नंबर, फ्लॅटचा नंबर, पाइप किती मिनिटं चालू, साधारण किती बादल्या. खाली मोजणाऱ्या देशांच्या सह्या, त्यात अमेरिकेचीही. यादीत पहिली गाडी तिच्याच वडिलांची होती.

पृथ्वीचं काय होईल ते होवो, पण चारचौघांत फळ्यावर नाव लागणं आमच्या सोसायटीत कुणाला सोसत नाही. चार दिवसांत पाइप गुंडाळले गेले आणि बादल्या-फडकी निघाली. इतक्या वर्षांच्या परिपत्रकांना जे जमलं नाही, ते एका पानाने केलं. फी वसूल झाली, असं मी बायकोला कौतुकाने सांगणार, तेवढ्यात फळ्यावर दुसरं पान लागलं. विषय : कुणाच्या घरी एसी किती अंशांवर. पहिला फ्लॅट आमचा आहे, आकडा अगदी बरोबर आहे, आणि खाली तुवालूची सही आहे.