आठवणबहाद्दर

आठवणबहाद्दर दहावीच्या प्रत्येक वर्गात एक तरी असतोच, पण पन्नाशी उलटल्याशिवाय तो ओळखू येत नाही. शाळेत त्याला तेराचा पाढाही पाठ नसतो. मुलांची लग्ने उरकली, की त्याची स्मरणशक्ती एकदम तरारते. मुक्काम वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत. ‘आठवतंय का रे?’ असे तो विचारतो. उत्तराची वाट पाहत नाही.

१९८४ च्या तुकडीतल्या आठवणबहाद्दराचा हुकमी किस्सा १८ जून १९८३ चा असतो. विश्वचषक, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७, मग कपिल देव नाबाद १७५. हा सामना त्याने वाड्यातल्या एकुलत्या एक शटरवाल्या टीव्हीवर सगळ्या मित्रांसह पाहिलेला असतो. मालकीणबाईंनी पाय धुवायला लावले होते, कांदाभजी केली होती. पडद्यावर मुंग्या आल्या, की एक जण गच्चीत जाऊन अँटेना फिरवत होता. ऐकणाऱ्याला भज्यांचा वास येतो. अडचण एवढीच, की तो सामना कोणत्याच टीव्हीवर दिसला नव्हता. बीबीसीचे कॅमेरे त्या मैदानावर नव्हतेच.

तो थापाड्या मात्र नव्हे. आठवण कोठीतून काढून आणत नाहीत, ती दर वेळी नव्याने रचली जाते, असे केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडले. २५ जूनचा अंतिम सामना दूरदर्शनने दाखवला होता. तिथली भजी आठवडाभर मागे सरकली, इतकेच. स्मृतीचे नामांकित अभ्यासक अल्रिक नायसर यांनाही पर्ल हार्बरची बातमी रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकताना कळल्याचे पक्के आठवत होते. हल्ला ७ डिसेंबर १९४१ चा, आणि डिसेंबरात बेसबॉलचा हंगामच नसतो. मग वाड्यातल्या माणसाने किती जपावे?

त्याचे खरे कसब बसण्याच्या व्यवस्थेत दिसते. ज्या दोघांचे गृहपाठाच्या वहीवरून वर्षभर बोलणे बंद होते, ते त्याच्या किश्श्यात एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले असतात. वडिलांच्या बदलीमुळे सातवीतच नागपूरला गेलेला मित्रही दाराशी असतो. तो पहिल्या संमेलनात ‘मी नव्हतो रे’ म्हणाला. तिसऱ्या संमेलनापर्यंत भजी जरा तेलकट होती, असे सांगू लागला.

एखादा चिकित्सक ग्रुपवर प्रक्षेपणाचे सत्य टाकतो. अर्धा तास शांतता. मग आठवणबहाद्दर दोन अंगठे पाठवून विषय मिटवतो. गच्चीत अँटेना फिरवायला कोण गेले होते, याचा वाद मात्र रात्री साडेअकरापर्यंत चालतो. तिघांचा दावा असतो, आणि त्यांतला एक नागपूरचा.