शटरची निगा

बंगल्याच्या गाडीखान्याच्या रोलिंग शटरचे वजन वरच्या नळीवरच्या स्प्रिंगा पेलतात. मालकाला मात्र ते आपल्या मनगटाचे कर्तृत्व वाटते. निगा सोपी असते: बाजूच्या खाचा फडक्याने पुसाव्यात, पट्ट्यांच्या सांध्यांना मशीनचे तेल द्यावे, सैल बोल्ट आवळावेत. प्रत्यक्षात शटरला दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळतो. पाकळ्या खाचेत अडकतात. कुरकुर वाढली की घरातले खोबरेल ओतले जाते. थंडीत ते गोठते, शटरही. ताणलेल्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नये, शटरवाल्याला बोलवावे. तो ‘उद्या येतो’ म्हणतो. तोवर गाडी रस्त्यावर उन्हात तापते आणि बंद शटरमागे जुना कूलर, रद्दी व तीनचाकी सायकल सुरक्षित राहतात.