मेमरीचा सातबारा

लिनक्सवाल्याने संगणक सुरू केला की तो आधी काम करत नाही, आधी 'एचटॉप' उघडून मेमरी मोजतो. "माझं फक्त दोनशे एमबी खातंय!" हे वाक्य तो ज्या ताठ्यात ऐकवतो, त्या ताठ्यात लोक पोरांचे दहावीचे टक्केही सांगत नाहीत.

या मोजदादीला एकेकाळी अर्थ होता. 1993 साली रॉबर्ट नेशन यांनी टीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, मेमरी कमी खावी म्हणून तासायला घेतला, त्यातून एफव्हीडब्ल्यूएम निघाला. घरच्या संगणकात तेव्हा चार-आठ एमबी मेमरी असायची, पै-पैचा हिशेब ठेवणं भागच होतं. आज मांडीवर 16 जीबीचा लॅपटॉप घेऊन तोच हिशेब चाललाय.

बरं, हिशेब तरी धड असावा! एचटॉपमधला 'आरईएस' हा आकडा प्रत्येक प्रोग्रामच्या नावावर सामाईक लायब्ररी पूर्ण चढवतो. चार भावांची विहीर एक, पण प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर आख्खी विहीर! बेरीज केली की चार विहिरी. वाटणी करून सांगणारा 'पीएसएस' नावाचा आकडा आहे, पण तो बघितला तर भांडायला काय उरणार?

आता डिस्कवरच्या जागेचा हिशेब. डीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरच्या कर्त्यांनी कोड 2000 ओळींपलीकडे जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. कौतुकच आहे. मात्र चौकटीचा रंग बदलायचा तर हेडर फाइल सुधारून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करा. म्हणजे गडी मूठभर खाणारा, पण त्याच्यासाठी घरात लोहाराची भट्टी बाळगायची. जीसीसी हा कंपायलर आणि हेडर फायलींनी अडवलेली जागा मात्र कुठल्याच तुलनेत दिसत नाही.

जीनोम, केडीई हे डेस्कटॉप जाडे आहेत, मान्य. पण त्यांच्या वजनातला बराच भाग जीटीके आणि क्यूटी या लायब्रऱ्यांचा. हलक्या मॅनेजरवाल्याने जीटीकेवर चालणारा पहिला प्रोग्राम उघडला, की तीच विहीर त्यालाही खणावी लागते. फरक इतकाच, की मेमरीचा स्क्रीनशॉट त्याने आधीच काढून ठेवलेला असतो.

तेव्हा निकाल सरळ आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यावर चालणारा दोन जीबीचा म्हातारा लॅपटॉप घरात पडून असेल, तर त्यात लिनक्स आणि आइसडब्ल्यूएम हा हलका विंडो मॅनेजर घाला. तिथे वाचलेल्या शंभर-दोनशे एमबीला खरोखर किंमत आहे. 16 जीबीवाल्यांनी मात्र आवडेल तो मॅनेजर वापरावा आणि कामाला लागावं. वाचवलेली रॅम उद्यासाठी शिल्लक राहत नाही. रात्री संगणक बंद केला की सगळ्यांची सारखीच रिकामी होते.