सीटताई

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत दुसऱ्या बाईच्या बैठकीची काळजी वाहणाऱ्या बाईला सीटताई म्हणतात. कल्याण, डोंबिवली, ठाणे इथल्या प्रत्येक सायकल ग्रुपात ती एक असते. दोन असल्या तर ग्रुप फुटतो. वय चाळिशीच्या पुढे, मुलं दहावी-बारावीतून सुटलेली, नोकरी बँकेत नाहीतर शाळेत. रविवारी ती हमखास दोन वाटांवर सापडते. एक पडघा, वाशिंद, आसनगाव करत शहापूरला आणि अंगात रग असेल तर खर्डीवरून कसाऱ्याला जाणारी. दुसरी रायत्याचा पूल ओलांडून गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेजच्या पायथ्याला भिडणारी. माळशेज चढून कल्याणला परत यायचं तर दीडशे किलोमीटरच्या पुढचा मामला होतो, आणि एवढ्या अंतरात माणसाच्या श्रद्धा, मैत्री आणि सीट या तिन्हींची परीक्षा होते. सीटताईला रस फक्त तिसरीत.

तिला ओळखणं सोपं आहे. समोरून कुणी सायकल घेऊन आलं की ती आधी सीट बघते, मग माणूस. टपरीबाहेर उभ्या केलेल्या सायकलींपाशी ती चहाचा ग्लास घेऊन फिरते, एकेका सीटवर बोटाचं पेर दाबून पाहते आणि कुणी न विचारता ‘हं’ म्हणते. हँडलच्या पिशवीत एलन-कीचा जुडगा, शिंप्याची टेप, गवंड्याकडे असते तशी पण वीतभर लांबीची पाणसळ आणि खोक्याचा फाडलेला पुठ्ठा. खजूर आणि चिक्की त्याच्या खाली. तहानभूक हा दुय्यम प्रश्न आहे.

सीटताई जन्माला येत नाही, दुखण्यातून घडते. शाळा-कॉलेजात तिने लेडीज सायकल चालवलेली असते: दांडा खाली वळलेला, सीट पाटाएवढी रुंद, खाली दोन स्प्रिंगा. त्या सायकलीवर माणूस ताठ बसतो, वजन मागच्या रुंद भागावर येतं आणि क्लास तीन किलोमीटरवर असतो, म्हणून तक्रार नसते. चाळिशीत ती वाकून चालवायची सायकल घेते. वाकलं की कमरेचं हाड पुढे कलतं, वजन सीटच्या अरुंद नाकाकडे सरकतं आणि मुरबाडच्या पहिल्या फेरीत गोवेलीच्या आसपास तिला आपल्या शरीरशास्त्राची नव्याने ओळख होते.

हे दुखणं घरी सांगायची पद्धत ठरलेली आहे. नवऱ्याला ‘कंबर’, सासूला ‘पाठ’, ऑफिसात ‘पाय’. खरी जागा कुणालाच न कळल्यामुळे उपायही भलत्याच जागी होतात. नवरा प्रेमाने कमरेचा पट्टा आणतो. शेवटी ती दुकानात जाते. दुकानदार पुरुष असतो आणि गिऱ्हाईक बाई असते, त्यामुळे दोघंही सीट या वस्तूबद्दल फर्निचरबद्दल बोलावं तसं बोलतात. दुकानदार सगळ्यात जाड जेलची सीट काढतो, तिच्यात अंगठा रुतवतो आणि म्हणतो, “मॅडम, बघा, लोणी!” अंगठ्याला ती खरोखर लोण्यासारखी लागते. मॅडमही अंगठा रुतवतात. सीटवर अंगठा ठेवून शहापूरपर्यंत जायचं नाही, हे व्यवहाराच्या या टप्प्यावर कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या फेरीत पहिल्यापेक्षा जास्त दुखतं. कारण सरळ आहे. बसण्याची दोन हाडं मऊ जेलमध्ये खोल जातात, जेल मधोमध फुगून वर येतं आणि जो नाजूक भाग वजन झेलायला बनलेलाच नाही त्यावर भार पडतो. भाजी आणायला जाताना मऊ गादी छानच. तीन-चार तासांच्या बैठकीला मात्र हाडांखाली घट्ट आधार लागतो. हे कळतं त्या रात्री सीटताईचा जन्म होतो. पुढचे सहा महिने घरात दुसरा विषय नसतो.

तिची तपासणी मात्र पद्धतशीर असते, याबद्दल तिच्या शत्रूंचंही दुमत नाही. सरळगावच्या टपरीवर एखादी नवखी कुठे तरी टेकायचं टाळत उभी असते. “जरा टोचतंय,” ती म्हणते. सीटताई तिला टपरीमागे नेते. त्या क्षणी ग्रुपमधल्या पुरुषांना आपापल्या टायरमधल्या हवेबद्दल अचानक कुतूहल वाटू लागतं.

टपरीमागे प्रश्न एकच असतो: हाडांवर दुखतं, मधे दुखतं, की कातडी सोलते? नवखीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी हा प्रश्न त्याच्या खऱ्या नावानिशी विचारलेला असतो. आधी ती लाजते, मग इतकं बोलते की बाहेर चहा गार होतो.

हाडांवर दुखत असेल तर पुठ्ठा बाहेर येतो. टपरीच्या दगडी पायरीवर तो ठेवायचा, त्यावर किंचित पुढे वाकून, गुडघे जरा वर घेऊन बसायचं आणि उठल्यावर उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप लावायची. बायकांमध्ये हे अंतर बहुधा ११० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान भरतं. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी निघते. जितकं ताठ बसायचं तितकी ती वाढते. सरासरीने बायकांची हाडं पुरुषांपेक्षा दूर असतात, पण बाईबाईत फरक मोठा असतो. डब्यावर ‘लेडीज’ लिहिलंय, कडेला फुलं छापलीत, हा सीटताईच्या लेखी पुरावा नव्हे. माप बरोबर असूनही हाडं दुखत असतील तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांची सवय म्हणून सोडून देते.

मधे दुखत असेल, मुंग्या येत असतील, बधिर होत असेल, तर ती गंभीर होते. बधिरपणा ही सवय नव्हे, नसेवर आलेला दाब आहे, आणि तो ‘सहन करायला शीक’ म्हणणाऱ्याला ती ग्रुपमधून काढायला निघते. उपाय म्हणजे मधे खाच किंवा आरपार भोक असलेली, आखूड नाकाची सीट. ही कल्पना नवी नाही. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत बायका सायकलवर बसू लागल्या तेव्हा डॉक्टरांनी सीटच्या नाकावरून मोठं काहूर माजवलं होतं, आणि कारखानदारांनी मधे फट ठेवलेल्या सीटा विकून त्या काहुराचं सोनं केलं. पुढे १९८५ मध्ये जॉर्जिना टेरी या अमेरिकन अभियंता बाईने बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनीच काढली. सीटताई हे नाव कुलदैवताच्या आदराने घेते.

नवी सीट घेण्याआधी ती जुनीच हलवून बघते, आणि निम्मी दुखणी इथेच मिटतात. पाणसळ ठेवून सीट समांतर करायची. फार तर एक-दोन अंश नाक खाली. त्याहून खाली केलं की बाई पुढे घसरते आणि दुखणं बुडातून मनगटात जातं. उंचीसाठी पेडल पार खाली नेऊन त्यावर टाच ठेवायची, पाय नेमका सरळ झाला पाहिजे. सीट जास्त उंच असेल तर प्रत्येक पेडलला बाई डावी-उजवीकडे डुलते आणि तितक्या वेळा घासली जाते.

तिसरं दुखणं कातडीचं. त्यावरचा सल्ला कुजबुजत दिला जातो आणि तोच सगळ्यात कमी पाळला जातो: पॅडवाल्या शॉर्टच्या आत काहीही घालायचं नाही. आतल्या कपड्याची शिवण घामाने भिजून पन्नास किलोमीटर घासते तेव्हा उत्तमातली उत्तम सीटही हात टेकते. नवखी मान डोलावते आणि पुढच्या रविवारी सगळे थर घालून येते. संस्कार मिलिमीटरने हलत नाहीत.

शहापूर-मुरबाडच्या गावकऱ्यांशी सीटताईचे संबंध प्रेमाचे, पण एकतर्फी आहेत. टपरीवरची आजी प्रत्येक खेपेला विचारते, “बाय, इतकं दुखतंय तर येष्टी हाय ना?” याचं शास्त्रीय उत्तर उपलब्ध नाही. किन्हवलीच्या रस्त्यावर शाळेला निघालेली मुलगी भेटते. सरकारी योजनेतली सायकल, स्प्रिंगवाली सीट, तिचं रेक्झिन फाटून त्यावर दुधाची पिशवी बांधलेली, मागे कॅरियरवर धाकटा भाऊ. सीटताई ब्रेक दाबते, खाली वाकून सीट पाहते आणि कळवळून विचारते, “हे टोचत नाही?” मुलगी म्हणते, “मॅडम, पैली घंटा झाली,” आणि निघते. भाऊ मात्र मागे वळून बराच वेळ बघत राहतो. कॅरियरला गादी नसते, आणि त्याला अजून कुणी विचारलेलं नसतं.

एवढं ज्ञान असलेल्या बाईची स्वतःची सीट कोणती, हा प्रश्न सभ्य माणूस विचारत नाही. तिची सीट नेहमी ‘सध्याची’ असते. उन्हाळ्यात तिने इंग्लंडच्या ब्रूक्सची कातडी सीट घेतलेली असते. १८६६ पासूनचा कारखाना, कातडं हळूहळू बसणाऱ्याच्या मापाचं होत जातं, ही ख्याती. मापाचं व्हायला शेकडो किलोमीटर लागतात, आणि ते पुरे व्हायच्या आत माळशेजचा पाऊस येतो. कातडी सीट भिजून लोंबते, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी चढते, पिशवीवरून सीटताई घसरते. श्रावणात नवी सीट. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या हिवाळी जत्रेपर्यंत तीही मनातून उतरलेली असते. नवऱ्याला किंमत सांगताना ती एक शून्य गाळते. तोही आपल्या मोबाइलची तशीच सांगत आलेला असल्यामुळे घरात शांतता नांदते.

उतरलेल्या सीटा माळ्यावर जातात आणि तिथून नवख्यांना ‘पंधरा दिवस वापरून बघ’ या बोलीवर मिळतात. त्या परत येत नाहीत. एखादीला त्यांतली एक नेमकी बसते आणि ती बाई त्या सीटवर निमूट दोनशे किलोमीटर करते, अगदी साडेतेरा तासांची मुदत असलेली ब्रेव्हे नावाची फेरीसुद्धा. ते कळल्यावर सीटताई चार दिवस विचारात पडते आणि पाचव्या दिवशी फोन करून आपली सीट परत मागते.