परक्या नदीवर बास धरण्याची सोपी पद्धत

नव्या नदीवर स्मॉलमाउथ बास धरायला जायचं ठरलं की पहिली पायरी म्हणजे घरात माशाचं नाव न काढणं. न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर निघायचं असेल तर मुलांना हर्शीचं चॉकलेटचं गाव सांगावं. ते नदीपासून फार लांब नाही. भारतातून आई-वडील आले असतील तर त्यांना वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू वृंदावनाचा सुवर्णमहाल दाखवायला न्यावं. ओहायो नदी तिथून जवळ आहे हे आपल्याला वाटेतच कळलं, असा चेहरा करावा. रॉड मात्र आदल्या रात्रीच गाडीत गेलेले असावेत.

मग दुकान. गावातल्या गळ-आमिषांच्या दुकानदाराला काय चालतं ते विचारावं. तो म्हणेल, हिरवट ट्यूब. ट्यूब म्हणजे बोटाएवढी मऊ प्लास्टिकची पोकळ नळी, एका टोकाला झिरमिळ्या. तळाच्या दगडांतून ओढली की ती क्रेफिशसारखी दिसते, आणि ही गोड्या पाण्यातली नांग्यावाली मंडळी बासला फार आवडतात. तुमच्याकडे ट्यूबची अख्खी पेटी असते, फक्त तो रंग नसतो. तो घ्यावा. आमिषाबद्दल दुकानदार बहुधा खरं बोलतो. जागेबद्दल ‘पुलाखाली बघा’ म्हणाला, तर त्या पुलाखाली तो स्वतः कधी जात नाही असं समजावं.

खरा अभ्यास पाण्याच्या पातळीचा. अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था 1889 पासून नद्या मोजते आहे; पहिलं केंद्र न्यू मेक्सिकोत, एम्बुडोला, रिओ ग्रांदेवर होतं. आता आकडा फोनवर मिळतो. नवशिक्या ‘चार फूट’ वाचतो, आपली उंची साडेपाच फूट, म्हणजे पाणी छातीपर्यंत, असा हिशेब मांडतो आणि उतरतो. त्या चार फुटांचा खोलीशी काही संबंध नसतो. मोजपट्टीचं शून्य कुठे धरायचं हे प्रत्येक केंद्रावर सोयीने ठरवलेलं असतं, त्यामुळे एका नदीवर चार फूट म्हणजे घोटाभर पाणी आणि दुसरीवर चार फूट म्हणजे पूर. आकडा सोडून आलेख बघावा. रेघ वर चढत असेल आणि पाणी गढूळ झालं असेल, तर खरोखरच हर्शीला जावं. रेघ हळूहळू उतरत असेल आणि पाणी निवळत असेल, तर आजारी पडायला हरकत नाही. ऑफिसला तसं कळवावं.

परवाना राज्याचा असतो, नदीचा नव्हे. सीमाप्रश्नाच्या बातम्या वाचत वाढलेल्या माणसाला पोटोमॅक लगेच समजेल. 1632 च्या सनदेने अख्खी नदी मेरिलँडला मिळाली, तिचा दक्षिण काठ मात्र व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाकडे आहे. म्हणजे पाय एका राज्यात आणि गळ दुसऱ्यात. नियमपुस्तिका घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावी, कारण रेंज नेमकी नदीकाठी जाते.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, पण पोटोमॅकमधल्या बासचं कूळ विचारायला हरकत नाही. ते रेल्वेने आले. 1854 मध्ये व्हीलिंगच्या ओढ्यातले काही मासे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून ॲलेघेनी डोंगर ओलांडून पोटोमॅककाठच्या कंबरलंडला आणले आणि सोडले. परक्या नदीत शिरण्याच्या बाबतीत मासा आपल्या पुष्कळ पुढे आहे. ऑरेगनच्या जॉन डे नदीत त्याला 1971 मध्ये सोडलं. तिथे तो इतका माजला की सॅमनच्या पिलांच्या काळजीने राज्याने 2016 मध्ये बास धरण्यावरची मर्यादाच काढून टाकली. सस्क्वेहानात उलट झालं. 2005 पासून बासची पिलं रोगाने मरू लागली, आणि पुढे नदीच्या मोठ्या पट्ट्यात धरला की लगेच सोडायचा असा नियम आला. तेव्हा मालवणहून मावशीने फोनवर ‘कालवणाला बरा का रे?’ विचारलं, तर आधी नदी कुठली ते विचारून घ्यावं.

पाण्यात उतरल्यावर लांबवर गळ फेकू नये. पहिला मासा बहुतेकदा तुम्ही उभे आहात तिथेच असतो, म्हणजे तुम्ही येईपर्यंत होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि तो खळखळाट जिथे संपतो तिथे बास थांबतो. धावतं पाणी आणि संथ पाणी जिथे घासतात तिथे फेसाची एक रेघ दिसते. मोठ्या दगडाच्या वरच्या अंगाला ट्यूब टाकावी आणि तिला प्रवाहाबरोबर त्या रेघेत येऊ द्यावं. ती दगडावर टकटक करते, मग अडकते. दहापैकी नऊ वेळा तो दगडच असतो. दहाव्या वेळी दोर वरच्या बाजूला सरकायला लागतो, आणि दगड कधी प्रवाहाविरुद्ध जात नाही. तेव्हा झटका द्यावा. कांस्य रंगाचा, अंगावर उभे पट्टे, लाल डोळा, असा ऐवज पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकेल आणि बरेचदा गळ तिथेच परत करेल. हातात आलाच तर जबडा बघावा. तो डोळ्याच्या मागे गेला असेल तर मासा स्मॉलमाउथ नव्हे, लार्जमाउथ आहे; फोटो कोणालाही पाठवू नये.

सस्क्वेहानावरच्या, हॅरिसबर्गच्या डॉक स्ट्रीट धरणाबद्दल मात्र थट्टा नाही. ते दिसायला ठेंगणं आहे, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि आत सापडलेल्या माणसाला सोडत नाही. तिथे बरेच लोक बुडाले आहेत. लाइफ जॅकेट अंगावर असावं, कयाकमध्ये ठेवलेलं नव्हे.

कयाकने जायचं तर दोन गाड्या लागतात, एक वर, एक खाली. खालच्या गाडीची चावी वरच्या गाडीत ठेवण्याची जुनी परंपरा आहे, ती मोडावी.

वजन सांगताना संयम ठेवावा. स्मॉलमाउथचा जागतिक विक्रम 11 पौंड 15 औंसांचा, डेल हॉलो तलावातला, 1955 चा. तोसुद्धा 1996 मध्ये संशयावरून रद्द झाला आणि नंतर पुन्हा बहाल झाला. नदीतला चार पौंडी मासा पाच पौंडांचा सांगितला तर कोणी चौकशी लावणार नाही, सहाचा सांगितला तर लावतील.

काहीच लागलं नाही तर पाणी चढलं होतं म्हणावं आणि ऑक्टोबरात परत यावं. थंडीआधी बास पोटभर खाऊन घेतो, आणि पेनसिल्व्हेनियाचा वार्षिक परवाना 31 डिसेंबरपर्यंत चालतो.